वालाफ्रेडची एका दिवसाची फेरी

मुकादमाच्या हाताखाली किती जमीन असावी? साधारण 800 साली शार्लमेनच्या दरबारातून राजाच्या खासगत शेतीवाड्यांसाठी एक हुकूमनामा निघाला. त्यात याचे उत्तर आहे: एका दिवसात फिरून नजरेखालून घालता येईल तेवढीच. त्याच हुकूमनाम्यात पुढे असेही बजावले आहे की मुकादम बड्या माणसांतून नेमू नयेत, मध्यम ऐपतीचे आणि विश्वासू असतील त्यांतून नेमावेत.

या एका दिवसाच्या मापाने मला पालेझो गाव फिरून पाहायचे आहे. पॅरिसच्या नैर्ऋत्येला, इवेत नदीच्या खोऱ्यात, शहरापासून वीस किलोमीटरच्या आत हे गाव आजही आहे. आता तिथे उपनगरी रेल्वे जाते, वरच्या पठारावर एकोल पॉलितेक्निक ही नामांकित शिक्षणसंस्था आहे. नवव्या शतकात ते सँ-जर्मँ-दे-प्रे या मठाच्या मालकीचे होते. त्याआधी ते राजाचे होते. संत जर्मँच्या अस्थी 755 च्या सुमारास नव्या जागी हलवल्या गेल्या, त्या प्रसंगी पेपँ राजाने ते मठाला देऊन टाकले. पुढे 825 च्या आसपास मठाधिपती इर्मिनॉन यांनी मठाच्या जमिनी, त्यांवरची माणसे आणि त्यांची देणी यांची मोजदाद करवली. ती वही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहे. तिच्यात पालेझोच्या कुळांत पहिले नाव येते वालाफ्रेडचे. तो कोलोनस, म्हणजे जमिनीशी बांधलेला स्वतंत्र शेतकरी, आणि मुकादम. बायको एउदिमिया, तीही कोलोना. सोबत दोन मुले.

पुढे येणारी मापे, देणी आणि नियम सगळे त्या काळच्या कागदपत्रांतले आहेत. वालाफ्रेड कोणत्या वाटेने गेला, कुठे थांबला, कुणाशी बोलला, हे मात्र त्या आकड्यांवरून मी जुळवले आहे. महिना ऑक्टोबरचा घेतला. शार्लमेनने बारा महिन्यांना फ्रँकी नावे दिली तेव्हा ऑक्टोबरला द्राक्षतोडणीचा महिना म्हटले, आणि हिवाळी पिकाची नांगरटही याच दिवसांत येते. कामाची सर्वांत जास्त ओढाताण याच महिन्यात असणार.

सूर्योदय, पहिला तास

दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत बारा तास धरायचे, अशी त्या काळची रीत. म्हणून ऑक्टोबरातला तास साठ मिनिटांपेक्षा थोडा आखूडच. वालाफ्रेड आधी स्वतःच्या शिवारात डोकावतो, कारण नंतर वेळ मिळणार नाही.

त्याच्याकडे दोन मान्सुस आहेत. मान्सुस म्हणजे एका कुटुंबाचे घर, आवार आणि त्याला जोडलेली जमीन. दोन्ही मिळून 7 बुनुआरियम शेती, 6 आर्पेंट द्राक्षमळा, 4 आर्पेंट गवताचे कुरण. बुनुआरियम साधारण तीन एकरांचा धरतात, आर्पेंट हेही जमिनीचेच माप. त्याच्या पुढची नोंद हैरमुंडची: त्याच्याकडे मान्सुस एकच, पण शेती 10 बुनुआरियम. दोन मान्सुसवाल्या मुकादमापेक्षा एक मान्सुसवाल्याची शेती मोठी! शाळेच्या पुस्तकात सरंजामशाहीचा एक त्रिकोण असतो, वर राजा, मग सरदार, तळाशी शेतकरी, आणि तळाचे सगळे जण एकसारखे दिसतात. पालेझोच्या तळाशी कुणीही एकसारखे नाही. मुकादमाचा जोर शेतीत नसून द्राक्षमळ्यात आहे: हैरमुंडकडे 2 आर्पेंट, त्याच्याकडे 6. वाइन विकता येते, मोठ्या माणसापुढे ठेवता येते. कोणती जमीन आपल्याकडे असावी, हे वालाफ्रेडला किंवा त्याच्या आधीच्या कुणाला तरी चांगले कळत होते.

या जमिनीपोटी त्याला काय द्यावे लागते? दर मान्सुसमागे एका वर्षी एक बैल, पुढच्या वर्षी एक मोठे डुक्कर. रानातल्या लाकडापोटी 4 दिनार. डुकरांच्या चराईपोटी 2 मोदियस वाइन (मोदियस हे धान्य आणि वाइन मोजायचे माप). एक मेंढी कोकरासह. 3 कोंबड्या, 15 अंडी. आणि मठाच्या जमिनीवर हिवाळी पिकासाठी 4 काठ्या, वसंतातल्या पिकासाठी 2 काठ्या नांगरट.

इथपर्यंत सगळे मोजलेले आहे. मग एक ओळ येते: वेठीची नांगरट, गाडीची वेठ, हातकाम, झाडतोड, सांगतील तितकी.

संपूर्ण नोंदीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते हे शेवटचे दोन शब्द. अंडी मोजली, दिनार मोजले, कोकरू मोजले. माणसाचे दिवस मात्र मोजले नाहीत. ते कुणाच्या तरी सांगण्यावर सोडले. आणि ते सांगणारा, रोज सकाळी गावात उभा राहून अमुक जणांनी आज इकडे यावे असे म्हणणारा माणूस म्हणजे वालाफ्रेड स्वतः.

तिसरा तास

मठाची खासगत शेती पालेझोत सहा मोठ्या तुकड्यांत आहे: एकूण 287 बुनुआरियम, म्हणजे साडेआठशे एकरांच्या घरात. तिच्यात 1300 मोदियस गहू पेरता येतो, अशी नोंद आहे. एवढी जमीन नांगरायला मठाकडे स्वतःची माणसे पुरेशी नाहीत. ही शेती उभी आहे ती कुळांच्या बैलांवर, कुळांच्या नांगरांवर.

आता शेतात कोण कोण आले आहे ते पाहा. बरेचसे कोलोनस. कोलोनस हा कायद्याने स्वतंत्र. त्याला कुणी बाजारात विकू शकत नाही, पण जमीन सोडून जाण्याची त्याला मोकळीक नाही. अशा गावांत काही लिदस असत, अर्धे मोकळे, अर्धे बांधलेले. काही सेर्वस, म्हणजे गुलामांचे वंशज. रोमन काळात जमीनदाराच्या गुलामांच्या टोळ्या दिवसभर मालकासाठी राबत आणि रात्री मालकाच्याच कोठडीत झोपत. आता तसे राहिलेले नाही. सेर्वसालाही झोपडी आहे, बायको आहे, स्वतःचा मान्सुस आहे. आठव्या शतकातल्या बव्हेरियाच्या कायद्यात तर चर्चच्या सेर्वसाचा आठवडा सरळ मधोमध कापला आहे: तीन दिवस चर्चच्या शेतात, तीन दिवस स्वतःच्या. सातवा देवाचा.

गुलाम वर सरकला आणि स्वतंत्र शेतकरी खाली सरकला. एकाच बांधावर दोघांची गाठ पडली. इर्मिनॉनच्या वहीत हे पुन्हा पुन्हा दिसते. जन्माने स्वतंत्र माणूस गुलामी मान्सुसवर बसला आहे, जन्माने गुलाम असलेला स्वतंत्र मान्सुसवर. कोलोनाने सेर्वसाशी लग्न केले आहे. लिहिणाऱ्या कारकुनाने प्रत्येकाची जात नीट लिहिली, पण देणे ठरले ते जमिनीवरून. कोण कुणाच्या पोटी जन्मला, यापेक्षा तो कोणत्या मान्सुसवर बसला आहे, याला महत्त्व येत होते. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हे जुने भेद बरेचसे पुसले जातील आणि मालकाच्या अधिकाराखालचा गावकरी ही एकच मोठी जमात उरेल. तलवार चालली नाही, फर्मान निघाले नाही. हा बदल घडत गेला तो अशा नांगरटीच्या सकाळींतून. सरंजामी समाज कुठे जन्मला, असे मला कुणी विचारले तर मी दरबारापेक्षा या शेताकडे बोट दाखवीन.

वालाफ्रेड रांगेच्या टोकाला उभा आहे. हातकामातून त्याला सूट असावी. निदान राजाच्या शेतीवाड्यांवर मुकादमांसाठी तसा नियम होता: मान्सुसमागचे डुक्कर द्यावे, आणि हातकामाऐवजी आपले पद नीट सांभाळावे. म्हणजे त्याचे पाहणे हेच त्याचे काम. आपल्याकडच्या पाटलासारखा तोही सरकार आणि गाव यांच्या मधोमध उभा आहे, पण पाटलाकडे वंशपरंपरेचे वतन असे आणि वालाफ्रेडकडे अजून तसे काही नाही. मठाने उद्या दुसऱ्याला नेमले तर तो पुन्हा नुसता कोलोनस.

आज शेतात एक जण कुरकुरतो. गेल्या आठवड्यात इतके दिवस झाले, बापाच्या वेळी इतके नव्हते. हे बोलणे मी रचले आहे, तक्रार मात्र खरी आहे. 828 साली कोर्मरी मठाच्या आंतोनियाकुम गावातले कोलोनस थेट अॅक्विटेनचा राजा पेपँ याच्या दरबारात जाऊन उभे राहिले. मठाधिपती आमच्याकडून जुन्या रिवाजापेक्षा जास्त घेतो, असे त्यांचे म्हणणे. मठाच्या बाजूने एक जुना लेख पुढे केला गेला. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, अॅल्क्विन मठाधिपती असताना, गावकऱ्यांनीच शपथेवर सांगून लिहून दिलेली देण्यांची यादी. लेख वाचला गेला, कोलोनसांना तो मान्य करावा लागला, खटला ते हरले.

इर्मिनॉनची वही त्याच वर्षांतली आहे. ती का लिहिली गेली, हे या खटल्यावरून नीट समजते. आठवणीविरुद्ध कागद उभा राहिला तर कागद जिंकतो, हे मठांना कळले होते. तरी ते कोलोनस राजापर्यंत पोचले, आणि राजाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, याचे मोल मी कमी मानत नाही. आणखी दोन पिढ्यांनी अशी वाट फारशी उरणार नव्हती.

सहावा तास

मध्यान्ह. बैल सोडले आहेत. भाकरी, शेंगदाण्याएवढे वाळलेले वाटाणे शिजवून केलेले दाट कालवण, चीज, पातळ वाइन.

वाटेवर एक घोडेस्वार दिसतो. मठाधिपतीचा व्हॅसल. मठाच्या जमिनीतला एक तुकडा त्याला दिलेला आहे आणि त्या बदल्यात तो घोडा, शस्त्र आणि स्वतःचे शरीर घेऊन हाकेला हजर असतो. आठव्या शतकातल्या, तूरच्या एका नमुना-दस्तात अशी माणसे कशी बांधली जात ते लिहिले आहे. पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र नाही, म्हणून मी आपल्या आश्रयाला येतो. जिवंत असेन तोवर स्वतंत्र माणसाला शोभेल अशी सेवा करीन. हा आश्रय सोडण्याचा हक्क मला नसेल. सुरुवातीला ही गरजूंची वाट होती. 757 साली बव्हेरियाचा ड्यूक तासिलो याने हात जोडून, ते पालेझो मठाला देणाऱ्या पेपँ राजाच्या हातात देऊन याच रीतीने निष्ठा वाहिली, असे राजदरबारची बखर सांगते. तोवर उपाशी माणसाचा विधी बड्यांच्या अंगणात पोचला होता.

व्हॅसल घोड्यावर आहे आणि वालाफ्रेड पायी, याचे कारण हिशेबात सापडते. रिपुआरी फ्रँकांच्या कायद्यात वस्तूंचे भाव दिले आहेत: एक जाळीचे चिलखत 12 सोलिदस, एक धडधाकट बैल 2 सोलिदस. म्हणजे एका चिलखतात सहा बैल गेले. घोडा, तलवार, शिरस्त्राण वेगळे. 805 साली शार्लमेनने फर्मावले की ज्याच्याकडे 12 मान्सुस असतील त्याने चिलखत बाळगावे. 808 चा हुकूम असा की 4 मान्सुसवाल्या स्वतंत्र माणसाने स्वतः लढाईवर जावे. कमी असतील त्यांनी एकत्र येऊन आपल्यातला एक पाठवावा. जुन्या काळी प्रत्येक स्वतंत्र फ्रँक भाला घेऊन राजामागे जाई, निदान तशी अपेक्षा होती. आता लढाई घोड्यावरची झाली, लांबवरची झाली, महाग झाली. कोलोनसाचा लढाईशी संबंध उरला तो देण्यापुरता. वालाफ्रेड दर दोन वर्षांनी देतो तो बैल मूळचा सैन्यासाठीचा कर आहे. तो देतो आणि त्याबदल्यात घरी राहतो. घरी राहण्याची सोय झाली हे खरे. पण शस्त्र ज्याच्या हातून गेले त्याचा आवाजही हळूहळू गेला. जो लढतो त्याला जमीन, जो राबतो त्याला वेठ, ही विभागणी इथून पक्की होत गेली.

व्हॅसल निरोप सांगतो: वाइनचे बुधले न्यायला गाड्या हव्यात. दोन बैलगाड्या पॅरिसकडे, परवा. ही गाडीची वेठ, तीही सांगतील तितकी. कुणाचे बैल द्यायचे, हे वालाफ्रेडने ठरवायचे. त्याच्या अधिकाराचा सगळा अर्थ या एका निवडीत आहे. ज्याचे बैल जातील त्याची स्वतःची नांगरट मागे पडणार, आणि ज्याचे वाचतील तो हा उपकार लक्षात ठेवणार.

नववा तास

दुपार उतरताना तो द्राक्षमळ्याकडे वळतो. मठाचे इथे 127 आर्पेंट द्राक्षमळे आहेत आणि त्यांतून 800 मोदियस वाइन निघते. कुरण 100 आर्पेंट, त्यातून 150 गाड्या गवत. सगळे आकडे काटेकोर. रानाजवळ येताच मात्र वहीतला आवाज बदलतो: रानाचा घेर अंदाजे एक कोस असावा, त्यात 50 डुकरे पोसली जातील. द्राक्षाचा वेल कारकुनाने मोजला, रान त्याने अंदाजाने लिहिले, आणि तेही डुकरांच्या भाषेत. रानाची किंमत किती एकर यावरून न ठरता ओकची फळे खाऊन किती डुकरे लठ्ठ होतील यावरून ठरायची.

राजाच्या हुकूमनाम्यात द्राक्षतोडणीसाठी एक नियम आहे आणि तो मला फार आवडतो: आमची द्राक्षे कुणी पायाने तुडवू नयेत, सगळे स्वच्छ आणि नीटनेटके असावे. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी गावातल्या घाण्याजवळच्या पायांचा विचार करतो आहे. याच हुकूमनाम्यात चराईच्या डुकरांविषयीही लिहिले आहे. मुकादमांनी आपली डुकरे राजाच्या रानात सोडली तर दशांश त्यांनीच सर्वांत आधी भरावा, म्हणजे इतरांना चांगला धडा मिळेल. असा नियम लिहावा लागला, यावरून मुकादम काय करत असत ते उघड आहे.

नदीवर पिठाच्या तीन गिरण्या आहेत. त्यांच्यापोटी वर्षाला 154 मोदियस धान्य मठाला येते. तिथे वालाफ्रेड थोडाच वेळ थांबतो.

बायका त्याला वाटेत दिसतातच. वहीत बाईचे नाव, तिचा दर्जा, तिची मुले नीट लिहिली आहेत, पण तिच्या कामाचा उल्लेख क्वचित येतो, आणि येतो तो बहुधा गुलाम स्त्रीच्या कापड विणण्याचा. कोंबड्या कुणी पाळल्या, पंधरा अंडी कुणी साठवली, द्राक्षे कुणी वेचली, हे लिहिलेले नाही. एउदिमियाचा दिवस वालाफ्रेडपेक्षा लांब असणार याबद्दल मला शंका नाही.

बारावा तास

दिवस मावळतो. फेरी पुरी झाली आहे: सहा शेते, मळे, कुरण, रान, गिरण्या.

मोजदाद करणारे मठाचे लोक आले असतील तर आजची संध्याकाळ त्यांच्यासोबत. काही गावांच्या नोंदींच्या शेवटी शपथ घेऊन माहिती देणाऱ्यांची नावे लिहिली आहेत. गावातली जाणती माणसे उभी राहतात आणि एकेका मान्सुसचे देणे बोलून दाखवतात. दोन मुले, तीन कोंबड्या, सांगतील तितकी वेठ. बोललेले चर्मपत्रावर जाते आणि पुढच्या पिढीला बांधून टाकते.

लिहिताना वालाफ्रेडच्या कुटुंबाला म्हटले आहे: संत जर्मँची माणसे. संत जर्मँ वारले 576 साली. अडीचशे वर्षांपूर्वी देवाघरी गेलेला हा धनी म्हातारा होत नाही, त्याला मुलगे नाहीत, त्याच्या जमिनीच्या वाटण्या होत नाहीत. मठ का टिकले, याचे एक मोठे कारण हे आहे. राजांचे उलट झाले. 843 साली व्हर्दँच्या तहात शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केले. 845 च्या ईस्टरला नॉर्मन होड्या सीन नदीतून पॅरिसला पोचल्या, सँ-जर्मँच्या भिक्षूंनी संताच्या अस्थी घेऊन पळ काढला, आणि त्या नातवांपैकी टक्कल्या शार्ल या राजाने 7000 पौंड चांदी मोजून शत्रूला परत पाठवले. 847 साली मेरसेन इथे जाहीर झाले की प्रत्येक स्वतंत्र माणसाने आपल्या पसंतीचा एक धनी निवडावा. राजा स्वतःच सांगू लागला होता की माझ्यापर्यंत येऊ नका, मधल्या कुणाला तरी धरा.

864 च्या पीत्रच्या फर्मानात राजाने दोन गोष्टी सांगितल्या. परवानगीवाचून उभारलेले किल्ले पाडून टाका. आणि दुसरी कोलोनसांबद्दलची: गाडीची वेठ मान्य असूनही काही जण चुनखडीची माती वाहायला नकार देतात, कारण जुन्या वह्या लिहिल्या तेव्हा ती वाहत नसत, हातकाम मान्य असूनही खळ्यात मळणीला येत नाहीत. त्यांनी ते केलेच पाहिजे. आंतोनियाकुमचे कोलोनस कागदापुढे हरले होते. आता हे कोलोनस कागदच हातात धरून म्हणत होते की यात लिहिले नाही ते आम्ही करणार नाही. तेही हरले. किल्ले मात्र पडले नाहीत, उलट वाढत गेले. एका दिवसाच्या फेरीत मावेल एवढ्या मुलखाला एक किल्ला, एक धनी, एक न्यायसभा, असा तो काळ दहाव्या-अकराव्या शतकात आला.

मुकादमांचे पुढे काय झाले, ते सेंट गॅलच्या एक्केहार्ट या भिक्षूने अकराव्या शतकात संतापून लिहून ठेवले आहे. त्यांच्या मठाच्या गावांतले मुकादम ढाली आणि घासून लखलखीत केलेली शस्त्रे बाळगू लागले. इतर गावकऱ्यांहून वेगळ्या सुरात शिंग फुंकायला शिकले. कुत्री पाळली, आधी सशांसाठी, मग लांडगे, अस्वले आणि रानडुकरांसाठी. शेती मठाच्या कोठाराध्यक्षांनी बघावी, आपण आपापल्या जमिनी सांभाळू आणि मर्दाला शोभेल अशी शिकार करू, असे ते उघड बोलू लागले होते.